बार्शीटाकळीची साक्ष

विपुलने कार्यक्रमपत्रिका रंगीत छापून आणली होती, आणि तिच्यात बार्शीटाकळीचे नाव कुठेच नव्हते.

जानराव गावंडे यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. सकाळी नऊ वाजता अमरावतीहून प्रस्थान. साडेअकराला अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्याची पाहणी. एक वाजता सत्कार, निवडक सहा शेतकऱ्यांची मनोगते, त्यानंतर भोजन. अगदी शेवटच्या ओळीत 'पाहुण्यांचा अभिप्राय, दहा मिनिटे'. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन बाहेर पडल्याला एकोणपन्नास वर्षे झाली होती, आणि एवढ्या काळात त्यांनी हाती आलेला कोणताही कागद पेन्सिलीवाचून वाचला नव्हता. आताही त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि 'निवडक' या शब्दाखाली सरळ रेघ ओढली.

"हे कोनी निवडले?"

"मी," विपुल म्हणाला. "काहून?"

"पाहुनी आपल्याले तपासाले आली हाय. अन् तिच्या परीक्षेतले प्रश्न आपनच काढून देऊन राहिलो."

"बाबा, सारेच असं करतात. बाहेरच्या देशात काम कराचं म्हटलं की चार लोकाइनं चांगलं बोलाव लागते."

"चांगलं बोलनारे तं नामिसेलेही होते. मंग कुलूप काहून लागलं?"

विपुलने पत्रिका त्यांच्या हातून घेऊन टेबलावर ठेवली. नामिसेचे नाव निघाले की गेले पाच महिने घरात बोलणे असेच तुटत होते.

मलावी हा आफ्रिकेतला देश, आणि नामिसे हे त्यातले एक गाव. तिथेही तूर पिकते, आपल्या काळ्या जमिनीत पिकते तशीच भरघोस. गेल्या वर्षी 'गावंडे-शेख डाळयंत्र' या कारखान्याची देशाबाहेरची पहिली गिरणी तिथे उभी राहिली. विपुलने काहीही कमी पडू दिले नव्हते. मंत्रालयाचे पत्र होते, जिल्ह्याच्या अधिकाऱ्याच्या हस्ते फीत कापली गेली, एका सेवाभावी संस्थेच्या वार्षिक अहवालात पानभर छायाचित्रे आली. आणि चौथ्या महिन्यात नामिसेच्या बायकांनी गिरणीला कुलूप ठोकले. त्यांच्या सहकारी मंडळाच्या अध्यक्ष एनेस माटेवेरे यांचे पत्र आले. परवानगी अधिकाऱ्यांनी दिली, आम्ही दिलेली नाही. तूर आमची असताना डाळ भरडून उरलेली तिची चुनी तुमची माणसे पोत्यांत भरून नेतात. कुलूप काढण्याआधी तुम्ही तुमच्या स्वतःच्या मुलखात कसे वागता, ते आमच्यापैकी कोणीतरी येऊन पाहील.

विपुलने पाठवलेले विमानाचे तिकीट एनेसनी परत केले आणि स्वतःचे काढले. ते कळले त्या दिवशी जानरावांना त्या न पाहिलेल्या बाईबद्दल प्रथम आदर वाटला. तिने नाही म्हटले तर ठरलेल्या आणखी एकोणचाळीस गिरण्या जाणार, हे विपुलचे दुःख होते. जानरावांचे त्याहून वेगळे होते. अकोल्याच्या लेथवर घडलेले, आपले आणि भागीदार कुर्बानचे नाव ओतलेले यंत्र परक्या गावात कुलपाआड पडले आहे, आणि त्यावर चोरीचा आळ आहे, हे त्यांना घास गिळू देत नव्हते.

एनेस जेवणघरातून बाहेर आल्या. पंचावन्नच्या आसपासची, उंच, संथ चालणारी बाई. कमरेला गर्द निळे छापील वस्त्र गुंडाळलेले. मागोमाग अलीझा आली. कुर्बान शेखची ही नात कृषी अभियंता होऊन, गिरणी लागण्यापूर्वी, दोन वर्षे नामिसेत राहिली होती आणि तिथली चिचेवा भाषा शिकून घेतल्यामुळे आज दुभाषी तीच होती. स्वतः कुर्बान खिडकीजवळच्या खुर्चीत बशीतून चहा पीत बसला होता. सत्तरी उलटलेला हा मिस्त्री पाहुणीसाठी आदल्या दिवशीच अकोल्याहून येऊन राहिला होता.

"त्या विचारतात," अलीझा म्हणाली, "तुमची सगळ्यात पहिली गिरणी कोणत्या गावात लागली?"

"बार्शीटाकळीले," जानराव म्हणाले. "शहाऐंशी साली."

एनेसनी टेबलावरचा रंगीत कागद उचलला आणि त्यावर बोट फिरवत नेले. "या कागदात ते गाव आहे का?"

"ते जुनं मॉडेल आहे," विपुल घाईने म्हणाला. "आता तिकडे पाहण्यासारखं काही..."

"नाई कसं?" कुर्बानने बशी खाली ठेवली. "रजियाभाभीच्या आंगनात आजही चालते ते. मी सोता मागच्या महिन्यात बेअरिंग बदलून आलो. अन् भाभी तं त्या अकरा दिवसाचंही सांगन..."

तो एकदम थांबला. चाळीस वर्षांच्या भागीदारीत जानरावांनी त्याला असे जीभ चावताना क्वचितच पाहिले होते.

"कोन्ते अकरा दिवस?" विपुलने विचारले.

अलीझाने जानरावांकडे पाहिले. "आबा, हेही सांगू त्यांना?"

"नको," विपुल म्हणाला.

"सांग," जानराव म्हणाले.

अलीझाने सांगितले. एनेसनी मान हलवली, 'तुमचे बोलणे होईपर्यंत मी बाहेर बसते' असे काहीसे म्हणाल्या आणि अलीझासह ओसरीवर गेल्या. त्या मुद्दाम गेल्या, हे सगळ्यांनाच समजले.

"आता सांगा," विपुल म्हणाला.

जानरावांनी सांगितले. सांगताना एकेक दिवस क्रमाने सांगितला, कारण त्यांना दुसऱ्या रीतीने सांगता येत नसे. डाळ भरडताना टरफल आणि बारीक तुकडे निघतात, ती चुनी. गुराढोरांचा, शेळ्यांचा खुराक. मोठ्या गिरण्यांत ती गिरणीवालाच ठेवून घेतो. बार्शीटाकळीला त्यांनीही तेच केले. तिथल्या बायकांनी गिरणी बंद पाडली, अकरा दिवस. बायकांची पुढारी होती रजियाबी, कुर्बानची सख्खी भावजय, जिच्या अंगणात गिरणी उभी होती तीच. बाराव्या दिवशी ठरले की ज्याची तूर, त्याची चुनी. आजपर्यंत वऱ्हाडातल्या त्यांच्या प्रत्येक गावगिरणीत हाच रिवाज होता; पण गावगिरण्यांचे काम जानराव आणि कुर्बानच बघत, विपुलकडे मोठ्या गिरण्या होत्या.

 विपुलने उठून कपाटातले यंत्राचे माहितीपुस्तक काढले. जानरावांनी ते स्वतः लिहिले होते. दोनशे चौदा सुट्या भागांची यादी, प्रत्येकाची आकृती, वंगण कधी द्यायचे, चाळणी कधी बदलायची.

"हे पुस्तक घेऊन मी नामिसेले गेलो, बाबा. याच्यात चुनीचा नियम कोठी हाय?"

"नाई."

"मोठ्या गिरणीत होते तेच मी तिथं केलं. मले वाटलं तोच रिवाज हाय. पाच महिने झाले, ते लोक मले चोर समजून राहिले. अन् तुमाले अडोतीस वर्षांपासून मालूम होतं!"

"व्हय."

"मंग काहून नाई लिहलं?"

"आता पुरे," माणिकबाई दारातून म्हणाल्या. जानरावांच्या पत्नीने आतापर्यंत मधे तोंड घातले नव्हते. "पोरगं बरोबर बोलून राह्यलं. तुमी खिळा-मोळा सारा लिहून ठेवला, अन् हेच तेवढं राह्यलं? आता त्या बाईले बार्शीटाकळीले नेऊन रजियाबीच्या तोंडून आपली इज्जत काढाची काय? सरळ कारखाना दाखवा, हार घाला अन् मोकळे व्हा."

"तेच म्हनतो मी," विपुल म्हणाला.

कुर्बान हळूच म्हणाला, "माह्यी चूक झाली भाऊ, मी बोलाचं नव्हतं. पन आता ती बाई भाइर बसली हाय अन् तिनं ऐकलं हाय. न्या नाईतर नका नेऊ, तिच्या मनात बार्शीटाकळी पोचली."

माणिकबाईंनी ओसरीकडे पाहिले. एनेस पायरीवर बसून त्याच पायरीवर बसलेल्या शेजारणीला परातीत तूर निवडताना न्याहाळत होत्या. शेजारणीने परात त्यांच्याकडे सरकवली होती आणि एनेसची बोटे आता खडे बाजूला काढत होती, झरझर, सवयीने. माणिकबाई क्षणभर पाहत राहिल्या.

"हिले फसवता नाई येत," त्या शेवटी म्हणाल्या, आणि त्यांचा स्वर बदलला होता. "विपुल, गाडी बार्शीटाकळीले घे."

"आई, आताच तं तू..."

"मंग आता हे म्हनतो. घे."

मूर्तिजापूर मागे पडले, अकोलाही मागे पडले. कारखान्याच्या फाटकाशी हारतुरे घेऊन थांबलेल्या मंडळींना विपुलने फोनवरूनच घरी जायला सांगितले. आरशात बापाशी नजरानजर झाली की तो पुन्हा रस्त्याकडे पाही. जानरावांनी त्याची समजूत काढली नाही. मुलाचा राग रास्त होता, आणि रास्त रागाला मध्येच थांबवू नये एवढे त्यांना कळत होते. मार्चचे ऊन काचेतून मांडीवर येत होते. दोन्ही बाजूंना कापणी झालेली रिकामी शेते पसरली होती.

बार्शीटाकळीला रजियाबींच्या अंगणात टिनाखाली तीन बाया तुरीची पोती घेऊन बसल्या होत्या. वर्षाची डाळ करून घ्यायचे हेच दिवस. गिरणी थोडी थंड होऊ देण्यासाठी थांबवली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या रजियाबी खाटेवर बसून पाहुणीकडे डोळे बारीक करून बघत होत्या. जानराव मात्र फाटकाबाहेरच थांबले.

"जानराव भाऊ!" रजियाबींचा आवाज अजून खणखणीत होता. "भाइर काहून उभे राह्यले? घर विसरले काय?"

"पाहुनी तुमाले माह्याबद्दल विचाराले आली हाय, भाभी. मी समोर असलो तं तुमाले मोकळं बोलता नाई येनार."

"मले?" तिन्ही बाया हसल्या. "अहो, मी तुमच्या तोंडावर काय कमी बोललो आजवर? या अंदर. ज्याची फिर्याद, तो सामने पाहिजे."

जानराव आत आले आणि पोत्याच्या कडेला बसले. विपुल खांबाला टेकून उभा राहिला. एनेसनी अलीझाला आधीच बजावून ठेवले होते, वाईट बोलले जाईल तेही गाळायचे नाही.

"बडी दादी," अलीझा म्हणाली, "या विचारतात, हा माणूस कसा आहे?"

"जिद्दी," रजियाबी म्हणाल्या. "लय जिद्दी. त्या साली यानं या भितीवर खडूनं तक्ता काढला होता. वीज इतकी लागते, रोलर इतका झिजतो, म्हनून चुनी गिरनीवाल्याची. मी म्हटलं, बाबू, लिखावट लय झ्याक हाय, पन माह्यी बकरी लिखावट खात नाई."

अलीझाने भाषांतर केले. एनेस इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या भिंतीवरून दोन डोकी वर आली.

"मंग यानं पंचायतीचा परवाना दाखवला, काचेत बसवून आनलेला. मी म्हटलं, पंचायतीनं देली परवानगी. आमी कधी देली?"

भाषांतर होताच एनेसचे हसणे थांबले. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला आणि विपुलकडे पाहिले. ते वाक्य त्यांनी स्वतः, हजारो कोसांवरून, पत्रात लिहिले होते, आणि विपुलला ते पाठ होते.

"मग?" एनेसनी विचारले.

"मंग काय! मोटारीचा पट्टा काढला अन् माह्या पेटीत ठेवला, निकाहच्या कपड्याखाली. हा माह्या सख्ख्या देराचा भागीदार. कुर्बान रडकुंडीले आला. मी म्हटलं, देर देराच्या जागी, बकरी बकरीच्या जागी."

"आणि यानं काय केलं?" प्रश्न रजियाबींना होता, पण एनेस जानरावांकडे बघत होत्या.

जानराव उठून उभे राहिले. भाषण देण्याची त्यांना सवय नव्हती, परंतु बसून सांगण्याजोगी ही गोष्ट नाही असे त्यांना वाटले.

"पयले चार दिवस मी तहसिलीत अर्ज घेऊन फिरलो. कायदा माह्या बाजूनं होता. पाचव्या दिवशी ध्यानात आलं, कायदा बाजूनं हाय अन् दारात मानूस एक नाई. मंग मी इथं येऊन बसाले लागलो. या बाया बोलत नव्हत्या माह्याशी. नवव्या दिवशी एकीच्या घरी गेलो, तं पाह्यलं की चुनी खाऊन बकरी दूध देते, अन् त्या दुधावर तिच्या घरी दोन लहान लेकरं जगून राह्यले. ते माह्या तक्त्यात नव्हतं. अकराव्या दिवशी मी इथं, याच जाग्यावर, माफी मागतली."

"मागतली," रजियाबींनी दुजोरा दिला. "चांगली मागतली. खोटी नव्हती."

"मग गिरणीबरोबर आलेल्या तुमच्या पुस्तकात हे का नाही?" एनेसनी विचारले.

हाच प्रश्न सकाळी मुलाने विचारला होता आणि उत्तर मिळाले नव्हते. आता जानरावांनी मुलाकडे पाहूनच उत्तर दिले.

"लाज वाटली. शिकलेला मानूस, अन् मले बायाइनं शिकवलं, हे कागदावर यावं असं वाटलं नाई. रिवाज पाळला, पन लिहला नाई. त्याच्यापाई माह्या पोरावर आळ आला. तो दोष त्याचा नव्हे."

अलीझाने ते एनेसना सांगितले.  खांबाजवळचा विपुल पुढे आला आणि थेट एनेसशी इंग्रजीत बोलू लागला; अलीझा आता उलट्या बाजूने, रजियाबींसाठी, मराठीत सांगू लागली.

"तो म्हणतो, चुनी उचलायच्या हुकमावर सही माझी होती. पुस्तकात नियम नव्हता हे खरं, पण तुमच्या बायकांना विचारायला मला कोणी अडवलं नव्हतं. मी मंत्रालयात चार वेळा गेलो. तुमच्या अंगणात एकदाही बसलो नाही."

जानराव ऐकता ऐकता पुन्हा पोत्याच्या कडेला बसले. पुरस्कार त्यांना पुष्कळ मिळाले होते. बैठकीच्या खोलीतले एक कपाट स्मृतिचिन्हांनीच भरले होते. मुलगा असा उभा राहून बोलेल, याची मात्र त्यांनी कधी कल्पना केली नव्हती.

एनेसनी फोन काढला. नामिसेत त्या वेळी सकाळ होती आणि मंडळाच्या बायका एनेसच्या निरोपाची वाट बघत कुलूप लावलेल्या गिरणीसमोर जमल्या होत्या. पडद्यावर पंधरा-वीस चेहरे दाटीवाटीने दिसू लागले. एनेस खूप वेळ बोलल्या. मध्ये एकदा पलीकडून हशा उसळला, तेव्हा अलीझा कुजबुजली, "बकरी लिखावट खात नाही, ते सांगितलं." मग एनेसनी फोन रजियाबींच्या हातात दिला.

"त्या विचारतात," अलीझा म्हणाली, "या माणसाला आमच्या गावात येऊ द्यावं का?"

रजियाबींनी ओढणी सारखी केली आणि फोनकडे पाहून सावकाश सांगितले, "येऊ द्या. आदमी सच्चा हाय. पन डोयाआड होऊ देऊ नका. आमीही नाई होऊ देला, म्हनून सच्चा राह्यला."

पलीकडे बोलणे सुरू झाले, वाढले, एकमेकींना तोडत चालले. शेवटी एका वयस्क आवाजाने काही सांगितले.

"सोमवारी कुलूप काढतील," अलीझा म्हणाली. "चुनी त्यांची. गिरणीची किल्ली त्यांच्याकडे. आबांनी स्वतः येऊन ही गोष्ट तिथल्या सगळ्या वस्त्यांना सांगायची. आणि चार महिने चुनी नेली, त्यात शेळ्या वाळल्या. त्याबद्दल दर वस्तीला एक शेळी."

"दोन म्हना!" रजियाबी खाटेवरून ओरडल्या. "अन् गाभन!"

"चाची, तुमी कोनाच्या बाजूनं हाय?" विपुल म्हणाला.

"बकरीच्या."

विपुलने बापाकडे पाहिले नाही. पाहण्याची गरज त्याला वाटली नाही, आणि जानरावांना त्याचेच समाधान वाटले. "दोन," तो फोनकडे वळून म्हणाला. "गाभन. अन् किल्ली तुमच्याकडंच राहू द्या, ते आधीच व्हाले पाहिजे होतं."

"झालं काय तुमचं?" पोत्यावर बसलेली एक बाई वैतागून म्हणाली. "लेकरू शाळेतून येईन. गिरनी चालू करा न बाप्पा!"

कुर्बान लगबगीने उठला आणि त्याने बटन दाबले. मोटारीने आधी घरघर केली, मग रोलरने वेग घेतला आणि टिनाखालचे अंगण त्या भरड, एकसुरी आवाजाने भरून गेले. पहिल्या मुठी पडल्या, सोनेरी डाळ एका तोंडातून आणि चुनी दुसऱ्यातून येऊ लागली.

फोनवरचा गलबला एकदम शांत झाला. जानरावांना वाटले, संपर्क तुटला. त्यांनी वाकून पाहिले, तर पडद्यावरच्या सगळ्या बायका निश्चल उभ्या होत्या, माना किंचित कललेल्या. पाच महिने बंद असलेल्या त्यांच्या गिरणीचा हाच आवाज होता. मग पलीकडे कोणीतरी टाळी वाजवली, दुसरीने साथ दिली, आणि पाहता पाहता नामिसेच्या त्या अंगणात यंत्राच्या ठेक्यावर ताल धरला गेला.

विपुल चुनी पडत होती त्या तोंडाजवळ गुडघ्यावर बसला आणि त्यांना नीट ऐकू यावे म्हणून त्याने फोन पुढे धरला.